सही साहेबांची

दूध संघाच्या कचेरीत कुंदाबाई टिकार आपल्या ताब्यातलं पगाराचं रजिस्टर घेऊन बसल्या होत्या. समोर संघाचे अध्यक्ष तात्यासाहेब खराडे उभे, आणि शेजारच्या खुर्चीत त्यांचे दोस्त गणपतराव. गणपतरावांची सून मंगल संघाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिचा खरा पगार किती, हे सासऱ्याला हवं होतं. तो कळला, की लेकीच्या शिक्षणासाठी ती जे बाजूला टाकते ते सगळं घरात ओढलं जाणार, हे कुंदाबाईंना पक्कं ठाऊक होतं.

"संमतीच्या कागदावर सही लागते, साहेब. नियम आहे."

"मला नियम शिकवतेस? सांगतेस, की उद्यापासून घरी बसतेस?" तात्यासाहेब कडाडले. "आण तो कागद! या संघात माझी सही कुठंही चालते."

त्यांनी न वाचताच झोकात सही ठोकली. कुंदाबाईंनी कागद मोठ्यानं वाचला, "'माझ्या कमाईची माहिती समोरच्या व्यक्तीला देण्यास माझी संमती आहे.' खाली सही, तात्यासाहेब खराडे." मग त्यांनी रजिस्टरचं पहिलंच पान उघडलं. "ऐका, गणपतराव. अध्यक्षांचं मानधन, दरमहा..."

दर सभेत 'मी संघाचा एक पैसा घेत नाही' असं छातीठोकपणे सांगणारे तात्यासाहेब पांढरेफटक पडले. गणपतराव मात्र कान टवकारून पुढे सरकले.

"थांब!" तात्यासाहेबांनी कागद हिसकावून टराटरा फाडला. "माझी संमती मी परत घेतली!"

"घ्या की, साहेब." कुंदाबाईंनी रजिस्टर मिटलं. "मंगलनं तर अजून दिलेलीच नाही."