तळाचा मणी

विहिरीचं पाणी फार जड होतं, पातेल्यांना पांढरा थर धरायचा, तेव्हाची गोष्ट. कापड रंगवायच्या एका कारखान्यात रेझिनच्या, म्हणजे राळेसारख्या पदार्थाच्या, बारीक मण्यांनी भरलेली टाकी होती. पाणी वरून यायचं, मणी त्यातले क्षार धरून ठेवायचे आणि मऊ झालेलं पाणी खालून बॉयलरकडे जायचं.

अगदी तळाच्या मण्यापर्यंत एकही क्षार पोचत नसे.

"माझ्याकडे कुणीच कसं येत नाही?" त्याने एकदा विचारलं.

"आम्ही भरलो की येतील," वरचा मणी दमल्या आवाजात म्हणाला.

एका दुपारी क्षाराचा एक कण खाली आला. मण्याने त्याला घट्ट धरलं. मग दुसरा आला, तिसरा आला. आनंदाने त्याने वर हाक मारली, पण कुणी ओ दिली नाही. वरचे सगळे भरून गेले होते. चौथ्या कणाला धरायला त्याच्याकडेही जागा उरली नव्हती. तो कण बॉयलरकडे निघून गेला.

पाणी तपासणाऱ्या देवाप्पांनी घाईने नळ बंद केला. "असेच क्षार जात राहिले असते तर आत थर चढून बॉयलर फुटला असता," ते म्हणाले आणि त्यांनी मिठाच्या पाण्याने धुऊन सगळ्या मण्यांतले क्षार काढून टाकले.

तळाचा मणी पुन्हा रिकामा झाला. अजूनही तो रोज वर हाक मारतो.

"माझ्याकडे कुणी येत नाही ना?"

"नाही," असं वरच्या मण्याकडून ऐकलं की मग निश्चिंत होतो.