हाकेला ओ

"...पण बाबा, बुडणाऱ्यानं दोर धरावा. ज्याला पोहता येतं त्यानं कशाला धरायचा?"

हैबती पैलवानानं विचारलं आणि लतीफशा फकिरासमोर तसाच उभा राहिला. खांद्यावर गाठोडं होतं. जायचं ठरवूनच तो आला होता.

फकीर मसूर निवडत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

हैबतीनं एके काळी भल्याभल्यांना आसमान दाखवलं होतं. पुढं दारूनं त्यालाच दाखवलं. बायको लेकीला घेऊन माहेरी निघून गेली. शेवटी मेव्हण्यानं त्याला बैलगाडीत घातलं आणि लतीफशाच्या तकियात, त्या फकिराच्या मठीत, आणून सोडलं. गावाबाहेरच्या त्या ठिकाणी दारू, गांजा, अफू सोडू पाहणारी माणसं एकत्र राहत. शेत कसत, एका चुलीवर रांधत.

सुरुवातीला हैबतीला भिंतीतून माणसं निघताना दिसायची. तो किंचाळायचा. तेव्हा काशिबा कुंभार त्याला घट्ट मिठीत धरून बसायचा. स्वतः अफूतून उठलेली बायजा त्याला लहान मुलासारखी पेज भरवायची.

आता हात थरथरत नव्हते. छाती पुन्हा भरली होती. आणि हे सगळं आपण आपल्या मनगटाच्या जोरावर केलं, असं हैबतीला वाटू लागलं होतं.

तकियात एक रीत होती. दिवे लागले की सगळे गोल बसत. प्रत्येकानं शेजारच्याला नावानं हाक मारायची. त्यानं "आहे" म्हणायचं. सगळ्यांची ओ आल्याशिवाय कुणी घास उचलत नसे. हैबतीला तो पोरखेळ वाटे. आता तो फकिराला म्हणाला, की ही दुबळी माणसं एकमेकांच्या आधारानं उभी आहेत, तर राहू देत. मला कुणाच्या हाकेची गरज उरलेली नाही.

बाबा वाद घालतील, अशी त्याची अपेक्षा होती.

"बरं," फकीर म्हणाला. "पाणी पिऊन जा."

हैबती पाणी न पिताच निघाला.

बाभळीच्या बनातून वाट जात होती. पुढं तिला दोन फाटे. एक त्याच्या गावाकडं, दुसरा ओढ्यातल्या हातभट्टीकडं. हैबती गावाकडं निघाला होता. लेकीला आणायला जायचं, तिच्यासाठी बाजारातून बांगड्या घ्यायच्या, असं काहीबाही मनात घोळवत तो चालत होता.

चालता चालता नाकात आंबलेल्या मोहाचा वास शिरला.

तो थबकला. पायाखाली ओढ्याची वाळू होती. फाटा कधी आला, आपण कधी वळलो... त्याला काही आठवेना.

दिवेलागण झाली होती. वारा पडला होता. मागून, बनापलीकडून, तकियातल्या हाका स्पष्ट ऐकू येऊ लागल्या.

"बायजा..."

"आहे."

"काशिबा..."

"आहे."

आता काशिबा आपल्याला हाक मारणार, हैबतीला वाटलं. सवयीनं मारेल आणि मग गप्प होईल. त्याला किंचित हसूही आलं.

"हैबती..."

"आहे."

आवाज तकियातून आला होता. घोगरा, फाटलेला. कधीकाळी आखाड्यात गळ्यावर बसलेल्या मारानं हैबतीचा आवाज तसा झाला होता. दुसऱ्या कुणाचा तसा नव्हता.

हाका पुढं चालू राहिल्या. कुणी अडखळलं नाही.

हैबती मागं वळला आणि पळत सुटला. काटे पोटऱ्यांना ओरबाडत होते, गाठोडं कुठं पडलं ते त्याला कळलं नाही.

तो तकियाच्या दारात पोचला तेव्हा जेवणं सुरू झाली होती. काशिबाच्या पलीकडं, हैबतीच्या जागेवर, सावलीत कुणीतरी बसलं होतं. बायजानं तिकडं भाकरी सरकवली. एका हातानं ती घेतली.

"काशिबा," हैबतीनं हाक मारली.

कुणी वळून पाहिलं नाही.

रोज त्याच्या पायाशी निजणारं कुत्रं तेवढं उठलं. अंगावरचे केस फुलवून, परका माणूस पाहावा तसं त्याच्यावर गुरगुरलं.

फकीर कंदील घेऊन दाराशी आला.

"कोण आहे?"

"मी... हैबती."

"हैबती आत जेवतोय."

फकिरानं कंदील त्याच्या तोंडासमोर धरला, आणि हळूच हुंगलं.

"मी प्यायलो नाही, बाबा."

"माहीत आहे. अजून नाही."

"मला आत घ्या, बाबा."

"मी कोण घेणारा? त्यांना सांग."

हैबतीनं आयुष्यात कुणापुढं गुडघे टेकले नव्हते. तो उंबऱ्याशी खाली बसला. त्याचे हात पुन्हा थरथरत होते, आणि ते लपवायचं त्याच्या ध्यानात आलं नाही.

"काशिबा," तो म्हणाला, "मला एकट्याला घरची वाट सापडत नाही. एकदा हाक मार रे..."

काशिबानं मान वळवली. जणू आत्ताच त्याच्या कानावर शब्द पडला होता.

"हैबती."

"आहे."

कुत्र्याचं गुरगुरणं थांबलं. बायजा थोडी सरकली. हैबती आत गेला. त्याच्या जागेवर आता कुणी नव्हतं. पण तो टेकला तेव्हा खालची जमीन ऊबदार लागली. समोर अर्धी भाकरी होती, मोडलेली.

त्यानं ती खाल्ली.

जेवणानंतर फकीर भांडी घासायला बसला, तेव्हा हैबती त्याच्या शेजारी जाऊन बसला. बराच वेळ दोघं राखेनं भांडी घासत राहिले. मग त्यानं खालच्या आवाजात विचारलं,

"बाबा, माझ्या जागेवर कोण बसलं होतं?"

फकिरानं हातातली कढई पालथी घातली. बनाकडं एकदा पाहिलं.

"उद्या हाक आली की लगेच ओ दे, पैलवान... ओढ्यापाशी तुझ्याच आवाजाचा जो उभा आहे ना, त्यालाही ती ऐकू जाते."