दोन शंखांच्या मधे

समुद्राला भरती-ओहोटीची नुकतीच सवय लागत होती, त्या काळातली ही गोष्ट. एक खेकडा किनाऱ्यावर सापडलेल्या शंखात राहत असे. शंख तांबडा, म्हणून सगळे त्याला तांबड्या म्हणत.

तांबड्या वाढला, शंख काही वाढेना. पाय आखडले, जीव कोंडू लागला. शेजारीच एक मोठा पांढरा शंख रिकामा पडला होता, पण तांबड्या तिकडे फिरकेना.

“अरे, जा की त्यात,” कासवमावशी म्हणाली.

“मावशी, हा तांबडा शंख म्हणजेच मी. तो सोडला तर मी उरेन का?”

“ते बाहेर पडल्याशिवाय कसं कळणार?”

शेवटी अगदीच सोसवेना, तेव्हा त्याने डोळे मिटून अंग बाहेर ओढलं. उघड्या अंगाला वारा झोंबला. मागे तांबडा शंख, पुढे पांढरा, आणि मधे उभं राहून दोन्हींकडे पाहणारं कुणीतरी. त्या नवलात तो पळायचंही विसरला. इतक्यात वाळूवर घारीची सावली सरकली, तसा तो धावत पांढऱ्या शंखात शिरला.

“उरलास ना?” मावशीने विचारलं.

“उरलो. पण मावशी, मधे उभा होता तो ना तांबडा, ना पांढरा. मग तो कोण?”

“मी जन्मात या पाठीखालून बाहेर आले नाही, बाबा. मी काय सांगू? ज्याने पाहिलं त्यालाच विचार.”

 बाहेरच्या लाटांकडे पाठ फिरवून तांबड्या हळूहळू आत वळला.