गोजराईची न मिटलेली दवंडी

पुढे सरकून बसा, म्हणजे मला ओरडावं लागणार नाही. गोष्ट फार वर्षांपूर्वीची आहे. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. मी ज्यांच्याकडून ऐकली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं, आणि मध्येच विचारणाऱ्याला ते सरळ उठवून लावत.

तेव्हा आपल्या चुनखेड्यात चुन्याच्या भट्ट्या होत्या. गावाच्या मावळतीला, ओढ्यापलीकडे. साऱ्या संस्थानातल्या देवळांना, वाड्यांना आणि तटबंद्यांना चुना जायचा तो इथूनच. गावाची भाकरी भट्टीवर होती आणि गावाचा खोकलाही भट्टीवरच होता. इथली झाडं बारा महिने पांढरी असत. माणसं तर चाळिशीतच पांढरी होत, केसांनी नव्हे, चुन्याच्या धुळीनं. डोळे चुरचुरायचे, हात फुटायचे आणि छाती वाजायची. सकाळी कोंबडा आरवायच्या आधी गाव खोकून उठायचं, असं म्हणतात.

पण जुन्या कुणा राजानं दोन गोष्टी घालून दिल्या होत्या. पश्चिमेचं वारं सुटलं की ते थांबेपर्यंत भट्ट्या विझवायच्या, कारण ते वारं सगळी धूळ घराघरांत आणून टाकायचं. आणि भट्टीवर ज्याची छाती गेली, त्याला मक्तेदारानं रोज शेरभर जोंधळे द्यायचे. त्याला ‘छातीचा शेर’ म्हणत. एवढ्या दोन गोष्टींवर गाव तग धरून होतं.

या गावात सटवा नावाचा येसकर होता. गावकुसाबाहेर त्याचं खोपट. सरकारचा हुकूम आला की हलगी वाजवून दवंडी द्यायची, हे त्याचं पिढीजात काम, आणि उरलेले दिवस भट्टीवर दगड फोडायचा. सटव्याचा आवाज असा की त्यानं चावडीपुढे दवंडी दिली की ओढ्यापलीकडची गुरं मान वर करून बघायची. पण चुन्यानं तो आवाज खाल्ला. आधी घोगरा झाला, मग चिरका झाला, आणि एका हिवाळ्यात पार गेला. नुसता ओठ हलायचा आणि वारा निघायचा. सटवा खाटेला लागला आणि शेरभर जोंधळ्यावर आला.

त्याची बायको गोजरा. दवंडी कोण देणार, असा प्रश्न आला तेव्हा तिनं खुंटीवरची हलगी काढली आणि कडब्याच्या जाळावर शेकायला बसली. बाईमाणसानं हलगी वाजवायची म्हणजे काय, म्हणून गाव फिदीफिदी हसलं. पाटलांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण दुसरं कुणी मिळेना, तेव्हा तेही गप्प बसले. पहिल्या दवंडीला तिची थाप चुकली. दुसऱ्या दवंडीला हसणाऱ्यांचं हसू चुकलं. पुढे कुणी हसलं नाही.

आता दवंडीची एक रीत सांगतो, ती नीट ऐका. हुकूम सांगून झाला की येसकरानं शेवटी म्हणायचं, “ज्याला काही म्हणायचं असंल त्यानं म्हणावं. कुणी काही म्हणलं न्हाई तर गावाला मंजूर हाय, असं सरकार समजंल.” मग हलगीवर शेवटची थाप द्यायची. थाप पडली की दवंडी मिटली, आणि दवंडी मिटली की हुकूम लागू. आणि कुणी काही म्हटलंच, तर ते सरकारच्या कानावर घालायचं कामही येसकराचंच. हे शेवटचं वाक्य कुणी घातलं ते कुणालाच माहीत नव्हतं. आरती संपताना जसे लोक उठायच्या तयारीला लागतात, तसे ते वाक्य सुरू झालं की लोक धोतर झटकायला लागायचे. पोरं खेळताना ते घोकायची. येसकर एका दमात म्हणायचा आणि दम संपायच्या आत थाप द्यायचा. उत्तर द्यायला जागाच नसायची, आणि कुणाला ती हवी आहे असं वाटायचंही नाही. इतक्या पिढ्यांत एकाही माणसानं एकही शब्द म्हटला नव्हता.

मग एका चैत्रात राजधानीत नवा राजवाडा बांधायचं ठरलं. चुना हवा, तोही भराभर. पाटलांनी गोजराला बोलावून हुकूम तोंडपाठ करून घेतला. यापुढे भट्ट्या बारा महिने पेटत्या ठेवायच्या, वारं कुठलंही असो. आणि काम न करणाऱ्याला धान्य मिळणार नाही. छातीचा शेर बंद.

गोजरा घरी आली. हलगी शेकता शेकता तिनं हुकूम मनात घोळवला. खाटेवर सटवा तिच्याकडे बघत होता. काय आलंय, हे त्यानं नजरेनंच विचारलं. तिनं सांगितलं नाही. चुलीवरच्या मडक्यात त्या दिवसाचा शेर शिजत होता. उद्या तो यायचा नाही, आणि येणार नाही हे गावाला ओरडून सांगायचं काम तिचंच होतं. ही वेळ कुणावर येऊ नये. तिनं त्याच्या पायांवर वाकळ सारखी केली आणि हलगी घेऊन निघाली.

चावडीपुढे गाव जमलं. गोजरानं हुकूम सांगितला. शब्द न शब्द बरोबर सांगितला, एकही गाळला नाही. ऐकताना लोकांच्या माना खाली गेल्या. मग ते शेवटचं वाक्य आलं, आणि सवयीनं लोक धोतर झटकायला लागले. गोजरानं वाक्य पुरं केलं. हात वर उचलला.

तो हात खाली आलाच नाही, असं म्हणतात.

थोडा वेळ कुणाला कळेना काय झालंय ते. निघालेली माणसं थबकली. पाटील म्हणाले, “अगं, थाप दे की.”

गोजरा म्हणाली, “इचारलंय न्हवं पाटील? मग उत्तर येऊ द्या.”

पाटील चिडले. मक्तेदार चिडला. तो म्हणाला, ही उगाच खोळंबा करते आहे, हिच्या हातून हलगी काढून घ्या. पण येसकराच्या हातातली हलगी दवंडी मिटल्याशिवाय काढून घ्यायची नाही, अशीही रीत होती, आणि रीत मोडायला कुणी पुढे होईना. गोजरा तशीच उभी राहिली, एका हातात हलगी आणि दुसरा हात वर.

ती किती वेळ उभी होती, यावर आपल्या गावात अजून भांडणं होतात. कुणी म्हणतं संध्याकाळपर्यंत, कुणी म्हणतं अमावस्येपासून पुनवेपर्यंत. मी पुनवेच्या बाजूचा. म्हणतात की तिचा हात वर असेपर्यंत पश्चिमेचं वारं जिथल्या तिथे थांबलं, आणि भट्टीचा धूर वर चढेना की खाली उतरेना. घरी निघालेल्या माणसांचे पाय वेशीपर्यंत जायचे आणि फिरून चावडीपुढे यायचे. तिच्या उचललेल्या हातावर एक साळुंकी येऊन बसली आणि घरटं बांधायच्या विचारात पडली.

आणि लोक? लोक एकमेकांकडे बघत होते. प्रत्येकाच्या पोटात बोलणं होतं, पण ज्याला त्याला आपलं काहीतरी आडवं येत होतं. मक्तेदार कामावरून काढील. पाटलांची मर्जी जाईल. शेजारी बोलला तर मी बोलेन. आणि बोलून होणार काय, आपलं ऐकतंय कोण? मला त्यांचा राग येत नाही. त्यांच्या जागी तुम्ही आम्ही असतो तर तेच केलं असतं.

शेवटी खंडू लोणारी पुढे आला. उभी हयात भट्टी लावण्यात गेलेला म्हातारा. काहीतरी सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि त्याला खोकल्याची उबळ आली. थांबेचना. गोजरानं वरचा हात खाली घेतला, पण थाप दिली नाही. हलगी ताटासारखी उताणी धरली, पोकळ बाजू वर, आणि त्याच्या तोंडाशी नेली. खंडू हलगीत खोकला. शब्द एकही नाही, नुसता खोकला. मग डोळे पुसत तो बाजूला झाला.

पाटलांनी विचारलं, हे काय उत्तर झालं?

“झालं,” गोजरा म्हणाली. “फुडं कोन हाय?”

मग चांगुणा आली. तिची लेक भट्टीवर चुना चाळायची आणि त्या लेकीच्या एका डोळ्याची नजर गेली होती. चांगुणानं हलगीत तेवढंच सांगितलं. तिच्यामागून तिची जाऊ आली. मग रांगच लागली. ज्यांनी उभ्या जन्मात गोजराच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं, ते तिच्या हातातल्या हलगीवर वाकले. कुणी शिव्या दिल्या, कुणी नुसतं मेलेल्या भावाचं नाव घेतलं. एका बाईला काहीच सुचेना, तर ती म्हणाली, माझं काही म्हणणं नाही, पण ह्या सगळ्यांचं खरं आहे. मक्तेदारही आला. भट्ट्या विझवून बसलो तर माझं दिवाळं निघेल, असं तो म्हणाला. लोक त्याच्यावर खवळले, पण गोजरानं त्यांना थांबवलं. त्याचंही म्हणणंच आहे, असं म्हणून तिनं तेही घेतलं. सगळ्यांत शेवटी पाटील उठले. ते हलगीत काय बोलले ते कुणालाच ऐकू आलं नाही. पण त्यांच्या आईची छाती वाजायची, हे गावाला ठाऊक होतं.

गोजरानं हलगीवर पदर झाकला आणि ती घरी गेली. खाटेशी बसून तिनं पदर बाजूला केला. सटव्यानं मान उचलली आणि ओठ हलवले. आवाज आलाच नाही. तिनं पदर परत झाकला, शेजारणीला त्याच्याकडे बघायला सांगितलं आणि राजधानीची वाट धरली.

हलगी आडवी धरून, जरा कलू न देता ती चालली. हलगी एवढी जड झाली होती की वाटेत तिचे पाय जमिनीत घोट्याएवढे रुतायचे. त्या खळग्यांत पुढे पावसाचं पाणी साठलं आणि वाटसरूंना पाणवठे झाले, असं म्हणतात. नदीवर नावाड्यानं तिला एकटीला नावेत घेतलं, तरी नाव काठापर्यंत पाण्यात गेली. तिनं थेंबभर आवाज सांडू दिला नाही.

दरबारात तिला उंबऱ्याबाहेर उभं केलं. राजेसाहेब तरुण होते, मनानं वाईट नव्हते. काय आणलंस, असं त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं की चुनखेड्याचं उत्तर आणलंय. दरबारातले लोक गालात हसले, कारण दवंडीला उत्तर येतं हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

गोजरानं पदर काढला.

आधी खोकला आला. खंडूचा एकट्याचा खोकला, मग त्याच्यामागे साऱ्या गावाचा. खांब हादरले, झुंबरं वाजली, आणि दरबाऱ्यांच्या भरजरी अंगरख्यांवर पांढरी धूळ बसायला लागली. मग चांगुणा बोलली. मग एकेक जण बोलला, जो तो आपल्या आवाजात, शिव्यांसकट. मक्तेदारही बोलला. पाटील बोलले, आणि ते म्हणाले होते, माझी आई वाचवा. सगळ्यांत शेवटी एक आवाज आला, खणखणीत आणि भरदार, जो कित्येक वर्षं कुणी ऐकला नव्हता. तो म्हणाला, “गोजरा, जेवलीस का?”

गोजरा उंबऱ्याबाहेर मटकन बसली आणि रडली. इतक्या वाटेत ती रडली नव्हती.

राजेसाहेबांनी अंगरख्यावरची पांढरी धूळ बोटानं पुसून बघितली. मग त्यांनी विचारलं, “आमच्या वाडवडिलांपासून आम्ही दर वेळी विचारत आलो. तुम्ही आजवर बोलला का नाहीत?”

गोजरा म्हणाली, “इचारनारा थांबत न्हवता, सरकार.”

तो हुकूम तिथेच मागे घेतला गेला. पश्चिमेच्या वाऱ्यात भट्ट्या विझायच्या त्या विझतच राहिल्या. छातीचा शेर राहिला. शिवाय चुना चाळणाऱ्यांना तोंडाला बांधायला ओलं फडकं आणि डोळे धुवायला भट्टीशेजारी पाण्याचा हौद मिळाला, आणि दर अमावस्येला वैद्य येऊ लागला. मक्तेदाराला चुना पुरवायची मुदत वाढवून मिळाली. राजवाडा उशिरा झाला, पण झाला. गोजरा परत आली, चावडीपुढे उभी राहिली आणि राहिलेली थाप तिनं नव्या हुकुमावर दिली. सटवा त्यानंतर काही वर्षं जगला, आणि रोजचा शेर त्याला मिळत राहिला. त्याचा आवाज काही परत आला नाही. धूळही साऱ्यांची संपली नाही. पण गाव सकाळी खोकून उठायचं ते कमी झालं, आणि म्हातारी माणसं म्हातारी होईपर्यंत जगू लागली.

भट्ट्या आता गेल्या. ओढ्यापलीकडे खडीचं क्रशर आलं आहे, म्हणजे धूळ आहेच. पण आपल्या ग्रामसभेत गोजराईची रीत चालते. कुठलाही ठराव, कुठलाही सरकारी नियम वाचून झाला की एक हलगी उताणी करून मधोमध ठेवतात. कुणीतरी येऊन तिच्यावर वाकून बोलल्याशिवाय ती उचलायची नाही. माझं काही म्हणणं नाही, हेसुद्धा उठून तोंडानं सांगावं लागतं. नव्यानं नांदायला आलेल्या सुनेला पहिल्या वर्षी एकदा तरी बोलावं लागतं, आणि परगावाहून क्रशरवर आलेल्या मजुरालाही. त्याचं नाव गावच्या मतदारयादीत आहे की नाही, हे कुणी विचारत नाही.

गेल्या उन्हाळ्यात तालुक्याहून एक साहेब आले होते. क्रशरच्या वेळा वाढवायचा आणि मजुरांच्या छातीची तपासणी वर्षातून एकदाच करायचा मसुदा त्यांनी भराभर वाचला. कुणाची हरकत नसेल तर मंजूर धरतो, असं म्हणून ते कागदाची गुंडाळी करायला लागले. तेवढ्यात ग्रामसेवकानं हलगी आणून मधोमध उताणी ठेवली. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं आणि हे काय म्हणून विचारलं.

मागून एक म्हातारी म्हणाली, “बसा सायेब. उत्तर यायचंय अजून.”

साहेब बसले. आणि बायकांच्या घोळक्यातून क्रशरवर खडी भरणारी एक पोरगी तोंडावरचं फडकं सोडत उठली.