बुजवलेली खोली

फार पूर्वीची म्हणा, नाहीतर कालपरवाची. एका मुलखात सगळंच चौकोनी होतं. मुलं खेळात ठोकळ्यावर ठोकळा रचून गावं उभी करतात ना, तसाच तो मुलूख. डोंगर चौकोनी, ढग चौकोनी, मळ्यातले भोपळे चौकोनी, आणि सकाळी वर येणारा सूर्यसुद्धा चौकोनीच. माणसं कष्टाळू होती, सुखात होती. भय होतं ते एकाच गोष्टीचं, राक्षसांचं.

तिथले राक्षस लांबून चालून येत नसत. पावसाळ्यात ओल्या लाकडावर अळंबी उगवते, तसे ते अंधारात उगवत. जिन्याखाली, माळ्यावर, रिकाम्या कोठारात, जिथे उजेड पोचत नाही अशी थोडीशी जागा त्यांना पुरे होई. म्हणून दिवेलागण झाली की घरोघरची माणसं मशाल घेऊन खोलीखोलीतून फिरत आणि प्रत्येक कोपऱ्यात दिवा आहे ना ते बघत. मगच जेवायला बसत.

त्या मुलखातल्या एका गावात चांगुणा नावाची गवंडीण होती. तिने बांधलेली भिंत ओळंबा लावून बघायचीही कुणाला गरज वाटत नसे. ‘चांगुणाची भिंत’ म्हणजे सरळ, हे गावात ठरूनच गेलं होतं. एखादा माणूस खरं बोलणारा असला की लोक म्हणत, “चांगुणाच्या भिंतीसारखा आहे.” हे ऐकलं की चांगुणा मान खाली घालून हसे, पण मनातून तिला फार बरं वाटे.

गावाबाहेरच्या खिंडीत वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधायचं ठरलं, तेव्हा पाटलांनी दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही. चांगुणाने काम हातात घेतलं. मधे चौक, चारी बाजूंना खोल्या, पुढे ओसरी असा मोठा बेत होता. काम लवकर व्हावं म्हणून तिने दोन टोकांकडून भिंती चढवायला घेतल्या. मागच्या कोपऱ्यात त्या दोन्ही भिंती एकमेकींना येऊन मिळणार होत्या.

त्या मिळाल्या नाहीत. एक भिंत एक ठोकळा पुढे आली होती आणि दुसरी एक ठोकळा मागे राहिली होती. कोपऱ्यातली खोली वाकडी झाली आणि तिच्या छपरात एक भोक राहिलं.

हे चांगुणाच्या ध्यानात आलं ते वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी. पाहुण्यांसाठी जिलेब्या तळणं सुरू होतं. भिंत उतरवून पुन्हा चढवायची तर समारंभ पुढे ढकलावा लागणार, आणि का ढकलला ते सगळ्यांना सांगावं लागणार. चांगुणा बराच वेळ त्या वाकड्या कोपऱ्याकडे बघत उभी राहिली. मग तिने खोलीचं दार ठोकळ्यांनी बुजवलं. वरून गिलावा केला, चुना फासला. छपरातल्या भोकावर फळ्या नुसत्याच टाकून वर थोडी माती पसरली. आत एक मशाल होती. ती राहिली तर फटींतून उजेड दिसेल, म्हणून दार बुजवण्याआधी ती तिने काढून घेतली होती.

“पुढच्या महिन्यात सवडीने नीट करू,” असं तिने स्वतःला सांगितलं.

समारंभ थाटात झाला. पाटलांनी चांगुणाला लुगडं दिलं. ठकूबाई नावाची एक म्हातारी धर्मशाळेत राहायला आली. आल्यागेल्याला भाकरी-कालवण करून घालायचं आणि संध्याकाळी दिवे लावायचे, हे तिचं काम. चांगुणा लहान असताना या ठकूबाईच्या हातचं पुष्कळदा जेवली होती. ती तिला मावशी म्हणे.

थोडे दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी वाटसरू ओसरीवर जेवत असताना मागच्या छपरावरून काहीतरी धपकन चौकात पडलं. हिरवट, चौकोनी डोक्याचा, हात पुढे करून घुं घुं आवाज काढणारा राक्षस! लोकांनी मशाली उगारल्या आणि ओरडाआरडा करून त्याला बाहेर हाकललं. दोन दिवसांनी दुसरा आला. मग तिसरा.

पाटील माणसं घेऊन आले. सगळ्या खोल्या उघडून बघितल्या. सगळीकडे दिवे होते. ठकूबाई कधी चुकतच नसे. शेवटी पाटलांनी चांगुणाला विचारलं, “चांगुणाबाई, बांधलंत तुम्ही. एखादी जागा अंधारी राहिली आहे का? आठवून सांगा.”

चांगुणाने वर बघितलं. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि तिच्या मागे, चार पावलांवर, चुना फासलेली ती भिंत होती.

“नाही,” ती म्हणाली.

“मग हे बाहेरून येतात,” पाटील म्हणाले. “घाटातल्या अंधारात उगवतात आणि भिंत चढून छपरावर जातात. आपण चौफेर तट बांधू.”

ठकूबाईने मान डोलावली. “चांगुणा नाही म्हणते म्हणजे नाहीच. तिच्या बांधकामात कुठून येणार राक्षस?”

तट बांधला गेला, तोही चांगुणाच्याच हातांनी. उंच, सरळ, एक ठोकळा इकडचा तिकडे नाही. भक्कम दरवाजा बसवला, त्याला आडवी आगळ घातली. तटाबाहेर खंदक खणला. कामावर असताना चांगुणा कुणाशी बोलत नसे. तिला जेवण जात नसे. घरी आली की आपल्या घरातल्या मशाली ती पुन्हा पुन्हा बघून येई.

तट पुरा झाला त्याच आठवड्यात, दिवस मावळताना, छपरावरून दोन राक्षस एकदमच चौकात उतरले. लोक दरवाजाकडे धावले, पण आगळ जड होती, घाईत निघेना. राक्षसांना बाहेर ठेवायला बांधलेल्या तटाने माणसांनाच आत कोंडलं. त्या रेटारेटीत ठकूबाई पायरीवरून पडली. कशीबशी आगळ निघाली, लोक सुटले. पण ठकूबाईचा उजवा हात मोडला होता.

धर्मशाळा ओस पडली. वाटसरू खिंडीत उघड्यावर, शेकोट्या पेटवून झोपू लागले. पाटलांनी पुन्हा सभा बोलावायचं ठरवलं. चौकावर छप्पर घालून सगळी इमारतच वरून बंद करून टाकावी, असा त्यांचा विचार होता. तसा निरोप त्यांनी चांगुणाला पाठवला.

निरोप ऐकून चांगुणाने हातातलं काम खाली ठेवलं. चौक बंद झाला की आत अंधारच अंधार होणार. ती उठली आणि गावात, ठकूबाईच्या जुन्या घरी गेली.

ठकूबाई खाटेवर पडली होती. हात फळीला बांधलेला. चांगुणाला बघून ती उठायला लागली.

“पडून राहा मावशी.”

“अगं, तू आलीस, बरं झालं. पाटील छप्पर घालायचं म्हणतात. लवकर घाल बाई. काल एक बाळंतीण उघड्यावर झोपली म्हणे खिंडीत. जीव तुटतो माझा.”

“फार दुखतं का?”

“दुखतं. पण मला कोडं पडलंय ते वेगळंच. मी एकही दिवा चुकवला नाही गं. रात्रंदिवस तेच आठवत बसते. लोक मला तोंडावर बोलत नाहीत, पण त्यांना वाटत असेल, म्हातारीचं लक्ष नसेल. माझाच तर दिवा राहिला नसेल ना कुठे?”

हे ऐकलं आणि चांगुणाला तिथे बसवेना. आपला अंधार आपण या म्हातारीच्या पदरात टाकला आहे, हे तिच्या आतापर्यंत ध्यानातच आलं नव्हतं. ती खाटेजवळ खाली बसली.

“मावशी, तुमचा दिवा चुकला नाही. मागच्या कोपऱ्यात एक खोली आहे. वाकडी झाली होती माझ्याकडून. मी ती बुजवली. आत दिवा नाही.”

 ठकूबाईने तोंड भिंतीकडे फिरवलं.

“हे मला सांगून काय उपयोग?” ती म्हणाली. “पाटलांना जाऊन सांग.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर धर्मशाळेच्या चौकात सगळे जमले. पाटील छपराबद्दल बोलू लागले, तेवढ्यात चांगुणा कुदळ घेऊन पुढे झाली.

“पाटील, छप्पर नको. राक्षस बाहेरून येत नाहीत. माझ्यामुळे येतात.”

तिने सगळं सांगितलं. वाकडी खोली, काढून घेतलेली मशाल, छपरावरच्या सैल फळ्या सारून राक्षस कसे वर निघत असतील तेही, तिने काही गाळलं नाही. मग पाठ फिरवली आणि चुना फासलेल्या भिंतीत कुदळ घातली. ठोकळे एकामागून एक निखळले. बुजवलेल्या दारातून उन्हाचा मोठा चौकोन आत पडला. आत एक राक्षस उभा होता. ऊन अंगावर पडताच तो थरथरला, धुरासारखा विरळ झाला आणि जमिनीवर नुसती चिमूटभर राख उरली. चांगुणाने मशाल पेटवली आणि आत जाऊन भिंतीला लावली.

लोक दारातून डोकावले. समोर वाकडा कोपरा होता. दोन भिंती एकमेकींना चुकलेल्या, बस.

“एवढंच?” कुणीतरी म्हणालं. “एवढ्यासाठी आम्ही तट बांधला?”

मागे कुणीतरी हसलं. कुणी रागाने बोललं. पाटील म्हणाले, “चांगुणाबाई, चूक ठोकळ्याएवढी होती. पण मी विचारलं तेव्हा तुम्ही ‘नाही’ म्हणालात, ती केवढी झाली बघा.” चांगुणाने मान खाली घातली. या वेळी तिला हसू आलं नाही.

नदीवरच्या पुलाचं काम त्या वर्षी पाटलांनी दुसऱ्या गवंड्याला दिलं. ‘चांगुणाच्या भिंतीसारखा’ असं म्हणणंही लोकांनी सोडून दिलं. चांगुणाने तक्रार केली नाही. तिने छपरावरच्या फळ्या काढल्या आणि त्या भोकाला उजेड येण्यासाठी झरोका केला. ठकूबाईचा हात बरा होईपर्यंत रोज धर्मशाळेत येऊन भाकऱ्या थापल्या, दिवे लावले. ठकूबाई सुरुवातीला तिच्याशी कामापुरतंच बोले. एक दिवस मात्र ती म्हणाली, “मोडलेल्या हाताचं मला काही वाटत नाही, चांगुणे. तू गप्प राहिलीस आणि संशय माझ्या दिव्यांवर आला, ते लागलं.”

“हो मावशी,” चांगुणा म्हणाली.  ठकूबाईने चुलीत लाकूड सारलं आणि पीठ पुढे केलं.

धर्मशाळेत पुन्हा राक्षस दिसला नाही. वाटसरू परत येऊ लागले. तटाचा दरवाजा आता उघडाच असे.

एकदा दुपारच्या वेळी पुलाचं काम करणारा तो दुसरा गवंडी चांगुणाकडे आला. अंगणात घुटमळला. इकडचं तिकडचं बोलला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “ताई, पुलाच्या पायात मी एक पोकळी झाकली आहे. अजून कुणाला ठाऊक नाही. कसं सांगावं कळत नाही.”

चांगुणाने त्याला पाणी दिलं. तो पाणी पिईपर्यंत ती थांबली. मग खुंटीवरची मशाल काढून म्हणाली, “चल. आधी तिथे उजेड करू. पाटलांकडे मी बरोबर येते.”

आणि दोघं भर उन्हात मशाल घेऊन नदीकडे निघाली.

तात्पर्य काय, तर बाहेरच्या संकटाला तट अडवतो. पण आपणच झाकून ठेवलेल्या अंधारात जे वाढतं, त्याला उजेडाखेरीज दुसरा उपाय नाही. आणि तो दिवा ज्याने अंधार झाकला, त्यानेच लावायचा असतो.