सुगरणीचं दार आणि तळ

पाखरं मुंग्यांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. विहिरीवरच्या बाभळीला एका सुगरण नराने घरटं विणलं, पण दारात गवताची एक पात आडवी आली. त्याने एका मुंगळ्याला सांगितलं, "दोन गाठींमध्ये पीळ दिसला, की काप." मुंगळ्याने कापलं आणि दार मोकळं झालं.

घरटं पारखायला मादी आली. मुंगळ्याला दिलेली खूण नराकडून ऐकून तिला वाटलं, असा पीळ घरट्यात आणखी कुठे असेल? आत शिरून तिने एकेक पात ओढून पाहिली. तळाची एक सुटून चोचीत आली आणि खाली विहिरीचं पाणी दिसलं.

"तिथेही दोन गाठींमध्ये पीळ होता," मुंगळा म्हणाला. "मला खूण सांगितली होती, जागा नाही."

"पण दार किती सुबक झालंय," नर म्हणाला.

"झालंय की," मादी म्हणाली. "पण अंडी काही मी दारात घालणार नाही."