मधल्या सुट्टीपर्यंतची कट्टी

सकाळी दुसरीच्या वर्गात एका मुलाची आणि मुलीची पेन्सिलीवरून जुंपली आणि तिनं त्याला ढकललं. भांडणाऱ्या दोघांना कुमुदबाईंनी एकाच बसकरावर शेजारी बसवलं. रोजची भांडणं सोडवून बाईंच्यात रागवायचंही त्राण उरलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत शाळा समितीचे अध्यक्ष दादासाहेब फडतरे गरजतच आले. "माझ्या नातवाला ढकलणाऱ्या त्या पोरीचं नाव शाळेतून काढा! नाहीतर आजपासून या शाळेशी माझा संबंध संपला!"

"म्हणजे कट्टी," बाई बसल्या घशानं म्हणाल्या आणि त्यांनी बसकराकडे बोट दाखवलं. नातू त्याच पोरीच्या डब्यातला चिवडा खात होता.

"दुसरीतली कट्टी मधल्या सुट्टीपर्यंतच टिकते, दादासाहेब. तुमची त्याहून लांबणार असेल, तर तुम्हाला पहिलीत बसावं लागेल. बसकर देऊ?"